संकटबाईंची बस

ऑफिसात त्यांना सगळे संकटबाई म्हणत. तोंडावर मॅडम आणि पाठ वळली की संकटबाई. बाईंना ते पक्कं ठाऊक होतं, आणि एखाद्याची जीभ घसरून ते नाव समोरच निघालं तरी त्या निमूट ओ देत. त्यांचं कामच तसं होतं. नदीकाठच्या आपत्कालीन केंद्रात बसून न आलेली संकटं लिहायची. धरण फुटलं, वीजकेंद्र बंद पडलं, पलीकडच्या देशाचं विमान वाट चुकून आत शिरलं. मग ते खरंच आलंय असं धरून सगळ्यांनी दिवसभर धावपळ करायची आणि शेवटी कोण कुठे चुकलं ते बाईंनी सांगायचं. घरी सासूबाई म्हणायच्या, "बाकीच्यांच्या सुना फुकट संकटं आणतात, आमची पगार घेऊन आणते."

या सगळ्या नाटकाला एक नियम होता. प्रत्येक निरोपाच्या सुरुवातीला आणि शेवटी 'सराव, सराव, सराव' असं लिहायचं. हा शब्द असला की संकट खोटं, नसला की खरं. पण कुठलाही शब्द उठता-बसता तोंडात घोळवला की त्याची चव जाते. लोक "सराव सराव, कुणीतरी चहा सांगा रे" म्हणायला लागले. टाइप करणारे तर पार वैतागले होते. तेव्हा बाईंनीच तोडगा काढला की प्रत्येक निरोपात तोच शब्द कशाला, वरच्या शीर्षकातच तो कायमचा घालून टाकू. सगळ्यांनी माना डोलावल्या, साहेबांनी कौतुक केलं. शहाण्या माणसांच्या चुका अशाच असतात. त्या होत असताना कुणी अडवत नाही, उलट पाठ थोपटतात.

त्या सकाळचं संकट पुलाचं होतं. नदीवर पूल एकच. त्याच्या या टोकाला आपलं ठाणं, त्या टोकाला पलीकडच्या देशाचं. दोन्ही देशांत सध्या विस्तव जात नव्हता. काठाकाठाने फौजा येऊन बसल्या होत्या. तरी पुलावरची बस चालू होती, कारण माणसांची पोटं आणि दुखणी कुणाच्या भांडणासाठी थांबत नाहीत. बाईंनी लिहिलं होतं: 'स्फोटकांनी भरलेली प्रवासी बस पुलावर शिरली आहे. पलीकडच्या टोकाला पोचण्याआधी रोखा.' निरोप गेला 'सर्व ठाणी' या पत्त्यावर.

आता या 'सर्व ठाणी'मध्ये मागच्या पुरानंतर एक जास्तीचं ठाणं जोडलं होतं, ते म्हणजे पलीकडचं. पाणी वाढलं तर त्यांनाही लगेच कळावं, अशा चांगल्या मनाने. नंतर संबंध बिघडले, पण ती जोडणी काढायची कुणाला आठवण राहिली नाही. आणि नदीपलीकडे जाणाऱ्या त्या ओळीवरून फक्त मजकूर जात असे. शीर्षक इकडेच राहत असे.

साहेबांच्या टेबलावरचा पलीकडचा फोन वाजला. साहेबांनी स्पीकर लावला. पलीकडचे मेजर बोलत होते, शांत आणि अदबीने. "आपली सूचना मिळाली. वेळेवर कळवल्याबद्दल आभारी आहोत. बस आम्ही पुलाच्या मध्यावर थांबवली आहे. हलली तर गोळीबार करू."

बाईंनी भिंतीवरच्या पडद्याकडे पाहिलं. पुलाच्या मधोमध निळ्या पट्ट्याची बस उभी होती. सकाळची बस. या बसने सासूबाई रक्त धुवून घ्यायला पलीकडच्या दवाखान्यात जात, कारण अलीकडच्या काठावर डायलिसिसचं मशीनच नव्हतं. ड्रायव्हरच्या मागची खिडकी ही त्यांची ठरलेली जागा, आणि आजही त्या तिथेच असणार होत्या. आपणच लिहिलेली बस, आणि त्यात आपलंच माणूस. असं जर कुणी कागदावर मांडून आणलं असतं, तर बाईंनी 'फार जुळवून आणलंय' म्हणून परत केलं असतं.

"आधी वर विचारू," साहेब म्हणाले. माणूस वाईट नव्हता, पण पायरी सोडून पाऊल टाकायची सवय नव्हती. "सराव होता म्हणून सांगितलं, तर ते विचारतील की आमच्या पुलावर हल्ल्याचा सराव कशाला करत होतात? दिवस कसले चाललेत, बघताय ना."

"वरून उत्तर येईपर्यंत ड्रायव्हरचा पाय नुसता ब्रेकवरून निसटला तरी संपलं सगळं," बाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन आपल्याकडे ओढला. "मेजर, तो निरोप खोटा होता. सराव होता. शब्द लिहायचा राहिला, आणि तो माझ्यामुळे राहिला. बसमध्ये साधी माणसं आहेत. दवाखान्यात निघालेली आहेत."

मेजर म्हणाले, "बाई, ही बस आमच्या अंगावर खरोखरच घालायची असती, तरी आत्ता तुम्ही हेच बोलला असता."

खरं सांगायचं तर बाईंनी स्वतः ते संकट पुढे लिहिलं असतं, तर शत्रूच्या तोंडी हेच वाक्य घातलं असतं. लांडगा आला रे आला म्हणून ओरडणाऱ्याची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. लांडगा नाही, तो नाहीच, असं ओरडणाऱ्यावर कुणी विश्वास ठेवावा कसा, हे कुठल्याच गोष्टीत सांगितलेलं नाही.

"प्रवाशांना उतरू द्या," बाई म्हणाल्या.

"कुणाच्या अंगावर काय बांधलंय, मला काय माहीत? माझे जवान घाबरलेत. घाबरलेल्या माणसाचं बोट कुठे असतं, तुम्हाला सांगायला नको. आणि मला वरून कोणत्याही क्षणी हुकूम येईल."

"मग मी येते. बसमध्ये बसते आणि ती हळूहळू तुमच्या फाटकापर्यंत आणते."

"आपण कोण?"

"संकटं लिहिते ती."

या वेळी मेजरांचा आवाज बदलला. "तुमच्या डोक्यात तुमच्या देशाची सगळी दुखरी ठिकाणं आहेत. तुम्हाला तुमची माणसं पुलाजवळ फिरकू देणार नाहीत."

"म्हणूनच तर सांगते. मी आले, तर बस साधी आहे असं समजा. मला उडवून द्यायला कुणी तयार होईल का?"

"या. पण हात दिसू द्या," मेजर म्हणाले.

साहेबांनी फोनवर हात ठेवला. "परवानगी नाही. त्यांनी तुम्हाला ठेवून घेतलं तर?"

"ठेवून घेतलं तर जेवायला घालतील," बाई म्हणाल्या. गळ्यातलं ओळखपत्र काढून त्यांनी टेबलावर ठेवलं, मोबाइल ठेवला, पर्स ठेवली. "मी आजची रजा टाकली. सासूबाईंना दवाखान्यात न्यायचंय."

त्या जिन्यापर्यंत पोचल्या, तेव्हा मागून साहेबांचा आवाज आला. ते आपल्या फाटकावर फोन करत होते. "एक बाई येतील, त्यांना अडवू नका. आणि हे मी बोललो नाही."

पूल बाईंनी कितीदा तरी नकाशावर उडवला होता, पण त्यावरून पायी गेल्याला वर्षं झाली होती. पायवाटेच्या लोखंडी पट्ट्या सैल होत्या आणि पावलागणिक खडखडत होत्या. हात अंगापासून लांब, पंजे उघडे. भीती वाटत होती. पण परत फिरायचा विचार त्यांच्या मनाला एकदाही शिवला नाही. ही बस आपण पुलावर घातली, आता आपणच काढायची.

बसचं दार उघडलं. प्रवासी सीटांच्या मध्ये दबून बसले होते. ड्रायव्हरने स्टिअरिंग इतकं घट्ट धरलं होतं की बोटं पांढरी पडली होती. सासूबाई मात्र खिडकीशी ताठ बसल्या होत्या, पिशवी मांडीवर घेऊन. सुनेला पाहून त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"तू इथं कशाला आलीस? रिपोर्ट घरी राहिले का माझे?"

"नाही, आई. रिपोर्ट पिशवीत आहेत."

मागच्या सीटवरच्या एका शिंपिणीने विचारलं, "कुणी केलं हो हे? आमच्यावर बंदुका कुणी लावल्या?"

सांगायला सोपी अशी चार कारणं बाईंना सुचली. मशीनचा घोटाळा, गैरसमज, परिस्थितीच तशी. त्यांनी ती गिळली. "मी," त्या म्हणाल्या. "या बसमध्ये बॉम्ब आहे असं मी लिहिलं. खोटं खोटं. ते यांना खरं वाटलं." मागून कुणीतरी एक सणसणीत शिवी हासडली, आणि बाईंनी ती ऐकून घेतली. ती त्यांच्या वाटणीचीच होती.

सासूबाई सुनेकडे वळल्या. "बसच का लिहिलीस गं?"

"कुणाला संशय येणार नाही असं वाहन हवं होतं."

"मग बरोबर लिहिलंस. मला कधी आला नव्हता," सासूबाई म्हणाल्या. "आता चढताना दरवेळी येईल."

बाई पुढच्या काचेला लागून उभ्या राहिल्या, दोन्ही तळवे काचेवर टेकवून, पलीकडून दिसतील असे. ड्रायव्हरला म्हणाल्या, "माणूस चालतो तेवढ्याच वेगाने. घाई करू नका, थांबू नका." गिअर टाकताना त्याचा पाय थरथरला आणि बसने एक गचका खाल्ला. फाटकावरच्या सगळ्या बंदुका एकदम खांद्याला लागल्या. बाईंनी डोळे मिटले नाहीत. डोळे मिटले तर आपण दोषी असल्यासारखं दिसेल, असं त्यांना उगाचच वाटलं. बस पुन्हा सरळ चालू लागली. कुणीतरी मोठ्याने रडत होतं, आणि सासूबाई त्या कुणाला तरी पाणी पी म्हणून सांगत होत्या.

फाटकाशी बस थांबली. कुत्री आली, पिशव्या उलटल्या, माणसं एकेक करून हात वर धरून उतरली. पिशव्यांत औषधं निघाली, कपडे निघाले, एका भरतकामाच्या गुंडाळीत सुया निघाल्या. तेव्हा कुठे बंदुका खाली झाल्या. मेजर पुढे आले. आवाजावरून वाटले होते त्यापेक्षा बरेच म्हातारे होते. ते बाईंना बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, "तुमचा निरोप आला, तेव्हा आमच्यापैकी एकानेही शंका काढली नाही. का, सांगू? आमच्या सरावातसुद्धा हीच बस आहे. निळ्या पट्ट्याची. तुमच्याकडून येणारी."

बाईंना हसू आलं नाही आणि रागही आला नाही. दोन काठांवरची दोन शहाणी माणसं, एकमेकांना कधी न भेटलेली, आणि दोघांनाही मारायला सुचली ती सासूबाईंची बस. या विचाराने त्यांना इतकी शरम वाटली की क्षणभर त्यांनी मेजरांकडे पाहिलंच नाही. मागून सासूबाई म्हणाल्या, "चल लवकर. उशीर झाला तर माझं मशीन दुसऱ्याला देतील."

"तुमच्याकडचं कोण लिहितं?" बाईंनी विचारलं.

"आहे एक जण. का?"

"त्यांना दवाखान्यात पाठवा. यांचं होईपर्यंत मी तिथंच बसलेय. ती बस आम्ही दोघांनी मिळून खोडायची आहे. मी एकटीने खोडून भागायचं नाही."

मेजरांनी मान हलवली. "त्याला वरून परवानगी लागेल."

"मलाही लागत होती," बाई म्हणाल्या, आणि सासूबाईंची पिशवी उचलून दवाखान्याच्या रस्त्याला लागल्या.