रघूने उशिरा पाहिलेला सिनेमा

मित्रांनो, मी एक जुना प्रोजेक्टर आहे. नवा होतो तेव्हा चारुदत्त सर नावाच्या शिक्षकांनी मला रत्नागिरीला आणले. ते मला एस.टी.तून गावोगाव नेत आणि शाळेच्या अंगणात पांढरी चादर बांधून सिनेमे दाखवत.

१९८४ च्या थंडीत आम्ही पालीला गेलो. एक जुना परदेशी सिनेमा होता. त्यातला माणूस स्वतःचे नावच विसरलेला असतो. एक डॉक्टरीण त्याला त्याची स्वप्ने विचारते आणि मनात दडलेली भीती हळूहळू बाहेर काढते. सर शेजारी उभे राहून मराठीत समजावत होते.

समोरच यमुनाबाई बसल्या होत्या. त्यांचा धाकटा भाऊ रघू मुंबईच्या कारखान्यातून परतला, तो बहिणीलाही ओळखेना. भूतबाधा म्हणून त्याला भगताकडे न्यायचे ठरले होते. तो भगत चाबकाने भूत उतरवी.

सिनेमा संपताच यमुनाबाई सरांजवळ आल्या.

"सर, अशी डॉक्टरीण रत्नांग्रीत गावंल काय?"

"डॉक्टर आहेत. पण सिनेमासारखं दोन तासांत होणार नाही, बाई."

"लोक त्याला वेडा म्हणतील!" यमुनाबाईंचे चुलते बाबू ओरडले.

"आता काय शाणा म्हणतात, काका? चाबूक नको. मी त्याला डॉक्टरांकडंच नेणार."

त्या दर आठवड्याला रघूला घेऊन रत्नागिरीला येऊ लागल्या. डॉक्टर नुसते बोलत, ऐकत. आंबे उतरायच्या दिवसांत यमुनाबाई धावतच सरांकडे आल्या. सर माझी काच पुसत होते. त्यांनी सांगितले, कारखान्यात रघूचा मित्र सदू त्याच्या डोळ्यांदेखत यंत्रात सापडून गेला होता. आपण वेळेवर हाक मारली नाही, हे दुःख रघूने मनात पुरले होते. ते आज तो डॉक्टरांपुढे बोलला, खूप रडला.

"आणि मग मला आक्का म्हणाला, सर!" एवढे सांगून त्याही रडल्या.

पुढे व्हिडिओ आला आणि मी कपाटात गेलो. दमट हवेने माझ्या काचेवर बुरशी धरली. एके दिवशी रघू आला. तो आता रत्नागिरीजवळच्या भाट्ये गावात नारळाची रोपे सांभाळत होता.

"सर, तो सिनेमा आक्कानं बघितला. मी कुठं बघितलाय?"

सरांनी मला पुसले, तेल घातले आणि त्या दोघांसाठी मी पुन्हा चाललो. रघूने सिनेमा शेवटपर्यंत पाहिला. मग हसून म्हणाला, "डॉक्टरीण चांगली. पण फार घाई करते हो! आमची आक्का थांबली तशी थांबायला हवी होती."

मित्रांनो, जुन्या यंत्रांना अधूनमधून पुसा, तेल घाला. आणि कुणी हरवल्यासारखा दिसला तर त्याच्याजवळ बसा. त्याला बोलायला वेळ लागेल. तो लागू द्या.