हसऱ्याने पूल का उघडला

मी निवडणुकीला उभी राहिले ती सासूबाईंमुळे, असं म्हटलं की त्या रागावतात. पण खरं तेच आहे. आमच्या वॉर्डातून रेल्वेचे रूळ जातात, दवाखाना रुळांपलीकडे, आणि वरच्या पादचारी पुलाला दुरुस्तीच्या नावाखाली तीन वर्षं कुलूप. दुरुस्ती करताना कोणी दिसलं नव्हतं. मग सगळे रूळ ओलांडूनच जायचे. एका सकाळी दवाखान्यातून परतताना सासूबाई रुळात अडखळून पडल्या. मी त्यांना काखेत हात घालून खेचलं आणि गाडी आमच्या पाठीमागून धडधडत गेली. घरी येऊन मी चहा ठेवला, तर निम्मी साखर ओट्यावर सांडली. त्याच आठवड्यात मी अर्ज भरला.

समोर होता आमचा नगरसेवक. प्रत्येक पोस्टरवर हसतो म्हणून सगळे त्याला हसराच म्हणतात. माझं शिवणकामाचं छोटं दुकान, पोस्टर छापायची ऐपत नाही. तेव्हा आमचे हे म्हणाले, “मी तुला वेबसाइट करून देतो.”

हे पोटापाण्यासाठी लिफ्ट दुरुस्त करतात, पण जीव सगळा एका फोरमवर. स्वतःच्या हातानं वेबसाइट लिहिणाऱ्या हौशी लोकांचा तो फोरम. कुठल्या कुठल्या गावची ही माणसं, एकमेकांचं तोंड कधी पाहिलेलं नाही, तरी कडाकडा भांडतात. ती भांडणं सोडवायचं काम ह्यांच्याकडे. त्याला मॉडरेटर म्हणतात आणि त्याची दमडीही मिळत नाही. घरात माझं आणि सासूबाईंचं वाजलं, की मात्र हे बाल्कनीत जाऊन उभे राहतात.

साइट झाली. पांढऱ्यावर काळी अक्षरं, पुलाच्या कुलपाचा फोटो, “हे कुलूप उघडायचं आहे” एवढं एकच वाक्य, माझा फोन नंबर. तळाशी किती जण येऊन गेले तो आकडा.

“बस, एवढंच?” मी विचारलं.

“आणखी लागतंय कशाला?”

पहिल्या आठवड्यात आकडा जागचा हलेना. जो काही हलला तो मीच पुन्हा पुन्हा उघडून बघत होते म्हणून.

मग फोरमवरच्या कुणाला तरी ती सापडली. ह्यांनी टाकली नव्हती. उमेदवार नात्यातला असेल तर मॉडरेटरने त्याबद्दल अवाक्षर लिहायचं नाही, असा नियम आहे आणि तो ह्यांनीच केलेला. त्या माणसाने लिहिलं, “पापणी लवायच्या आत उघडणारी उमेदवाराची साइट.” तिथं एखादी गोष्ट आवडली की लोक मत देतात, मतं पडली की ती वर चढते, आणि वर चढली की सगळे तिच्यावर तुटून पडतात. संध्याकाळपर्यंत मी सगळ्यांत वर होते. एवढी मतं मला त्यानंतर कुठेच पडली नाहीत.

मी हौसेनं चर्चा वाचायला बसले. पूल हा शब्द अख्ख्या चर्चेत नव्हता. ही माणसं पान वाचतच नाहीत. शर्ट उलटा करून शिलाई तपासावी, तसं ते साइटच्या आतलं लिखाण उघडून बघतात. नंबरावर बोट ठेवलं की थेट फोन लागावा की नाही, यावर दोन तट पडले. एकाने लिहिलं, पांढऱ्या रंगाचा डोळ्यांना त्रास होतो. दुसऱ्याने त्याला डोळे तपासून घ्यायला सांगितलं. तिसऱ्याला कुलपाचा फोटो जड वाटत होता.

“अहो, तुम्ही तरी लिहा, हे पुलाबद्दल आहे म्हणून.”

“मला नाही लिहिता येणार. तू उमेदवार आहेस.”

मी दोन दिवस ह्यांच्याशी बोलले नाही. ते ह्यांना तिसऱ्या दिवशी कळलं.

तोवर आकडा चाळीस हजारांवर गेला आणि गर्दी न झेपून साइट आडवी झाली. फोरमवाल्यांना फार वाईट वाटलं. आपल्या प्रेमापायी बिचारीची साइट पडली म्हणून त्यांनी तिच्या नकला करून आपापल्या संगणकांवर ठेवल्या. मी बंद पडलेली होते आणि शंभर ठिकाणी चालूही होते.

एका वार्ताहराचा फोन आला. मी त्याला खरं ते सांगितलं, की हे मतदार नव्हेत, आमच्या ह्यांचे ऑनलाइन मित्र आहेत. त्याने छापलं, “शिवणकाम करणाऱ्या उमेदवारामागे ऑनलाइन फौज.” आमच्या वॉर्डात मतदार बारा हजार. उरलेले कुठून आले, असा प्रश्न कोणालाच पडला नाही.

हसऱ्याला तर नाहीच पडला. त्याच्या संगणकवाल्याने त्याला सांगितलं म्हणे, की बाईंची साइट पाडली तरी पडत नाही, जागोजागी तिची माणसं बसलीयत. हसऱ्याने धसका घेतला. दोन दिवसांत पुलावर कामगार आले, फरशा बसल्या, कठड्यांना रंग लागला. मतदानाच्या आदल्या रविवारी त्याने स्वतः फीत कापली. मी गर्दीत उभी होते. सासूबाई कठडा धरत धरत पलीकडे गेल्या, तिथून त्यांनी मला हात केला, आणि माझे डोळे भरून आले. समोर हसरा आहे याचं मला तेव्हा भानच नव्हतं.

भान दुसऱ्या दिवशी आलं. शेजारच्या काकू माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, “चांगलं झालं गं बाई, पूल झाला. आता तुला कशाला उगाच त्रास?” त्यांनी मत हसऱ्याला दिलं. बहुतेकांनी दिलं. मी सपशेल आपटले. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. दुकान उघडून मी दिवसभर नुसती काजं करत बसले.

निकालानंतर काही दिवसांनी हसरा दुकानात आला. एकटाच. हे माझ्या मशिनची मोटर उघडून बसले होते.

“ताई, एक विचारायचं होतं. ते तुमचे चाळीस हजार लोक... ते आता काय म्हणतायत?”

ते आता समास किती सोडावा यावर भांडत होते. मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्या माणसाला खोटं बोलता येत नाही. दारात नको असलेला पाहुणा आला आणि मी आतून खुणावलं, तर हे त्याला सांगतात, “ती म्हणतेय ती घरी नाही.”

“पुलावर दिवे नाहीत,” मी घाईनं म्हटलं. “अंधार पडला की म्हाताऱ्या माणसांना पायऱ्या दिसत नाहीत. लोक परत रुळांवरून जायला लागलेत.”

“हे त्यांना माहीत आहे?” हसऱ्याने ह्यांना विचारलं.

ह्यांनी पाना खाली ठेवला आणि नीट विचार केला.

“अजून नाही. पण ही आता उमेदवार नाहीये. त्यामुळे मला लिहायला हरकत नाही.”

“नका लिहू,” हसरा म्हणाला. “मी बघतो.”

दिवे त्याच आठवड्यात लागले. आम्ही दोघं पुलाखाली उभं राहून वर बघत होतो. सासूबाई वरून येणाऱ्या-जाणाऱ्याला दिवे दाखवत होत्या, जणू स्वतःच बसवलेत.

“खरंच लिहिणार होतात?” मी विचारलं.

“हो तर,” हे म्हणाले. “वाचलं कोणी नसतं.”