दमा कुणाला विचारायचा

लातूरच्या बालरोगतज्ज्ञानं चार वर्षांच्या शिवानीची छाती तपासली आणि प्रश्न विचारायला मान वळवली ती आजोबा मडिवाळप्पांकडं. आई शिवकन्या पोर मांडीवर घेऊन समोरच बसली होती. पण डोक्यावर पदर घेतलेल्या बाईलाही तोंड असतं, हे शिकलेल्याला कोण सांगणार?

"मामा, रात्री खोकते का?"

"न्हाई. गप झोपते."

मडिवाळप्पा ओसरीवर पंखा लावून झोपत. पोर आतल्या खोलीत, आईच्या छातीला टेकून, बसल्या बसल्या रात्र काढायची.

"पळताना धाप लागते?"

"आजाबात न्हाई."

कशी लागेल? खोकते म्हणून तिला कुणी पळूच देत नव्हतं.

"घरात धूर?"

"गॅस हाय की, साहेब."

रोज सकाळी लिंगपूजेला मडिवाळप्पा गोवरीच्या निखाऱ्यावर धूप टाकायचे. घर कोंदून जायचं. पण देवाचा धूर त्यांच्या लेखी धूर नव्हताच. म्हातारा खोटं बोलत नव्हता, तेच वाईट. खोटं निदान पकडता येतं.

"छान. दमा आटोक्यात आहे. रोजचा पंप बंद करू."

पहिल्यांदाच शिवकन्या सासऱ्यादेखत बोलली. "डॉक्टरसाहेब, ती पळतच न्हाई. आम्हीच बसवून ठेवतो. रात्री तर..."

"हिचं काय मनावर घेता?" मडिवाळप्पा हसले. "लई भित्री. पोर शिंकली तरी देव पाण्यात घालते."

डॉक्टरही हसला. "काय गं चिमणे, पळतेस ना?"

शिवानीनं आजोबांकडं बघितलं. "हाव."

झालं. पुढच्या पेशंटला हाक गेली.

फाटकाबाहेर आजोबांनी नातीला कडेवरून उतरवलं. "पळ माय, रिक्षापर्यंत पळ! आता मोकळी झालीस."

कधी नव्हे ते पळायला मिळालं म्हणून पोर हात पसरून पळाली. रिक्षाला शिवली आणि तिथंच वाकली. बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती, छाती शिट्टीसारखी वाजत होती.

शिवकन्येनं धावत जाऊन पिशवीतून तातडीचा निळा पंप काढला.

"इथं नको," मडिवाळप्पा दबक्या आवाजात म्हणाले. "आपल्या निलंग्याची माणसं हायत रस्त्यावर. तुझ्या नणंदेचं लगीन जमायलंय. दमेकऱ्याच्या घरातली पोरगी कोण करील?"

शिवकन्येनं लेकीला पदराखाली घेतलं. चाचपडत मास्क तोंडाला लावला, पंप दाबला.

"ओढ बाळा, ओढ."

पदराखालचं तिला दिसत नव्हतं. नुसती शिट्टी ऐकू येत होती, आणि वर सासरा रिक्षावाल्याशी भाड्यावरून हुज्जत घालत होता.