सेकंदाचा साठावा भाग आणि ओकुमुरा-सानांचा मान

टीव्हीवरच्या खेळातल्या तानुकीने, त्या गोलमटोल जपानी रानकुत्र्याने, गोड गोळा तोंडात टाकला की त्याचं पोट मानेपासून सुटून पडद्याच्या उजव्या कडेला जाऊन बसायचं. डोकं मात्र जागच्या जागी, समाधानाने चघळत.

चिझुरू निशिवाकीने हे सकाळपासून एक्केचाळीस वेळा पाहिलं होतं. चार वाजता कारखान्याची गाडी येणार होती. त्या गाडीतून खेळ गेला तर वर्षअखेरीला दुकानांत लागणार. नाही गेला तर कायमचा रद्द, आणि चिझुरूची रवानगी तळमजल्यावर, पाहुण्यांना चहा द्यायला. बाळ झाल्यावर परत कामावर आलेली ओसाकाच्या या कंपनीतली ती पहिलीच बाई. ‘आम्ही म्हटलंच होतं’ म्हणायला अर्धं ऑफिस टपून होतं.

दोन वाजता विभागप्रमुख कुसाकाबे तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. त्यांच्या असं उभं राहण्याने आजवर एकही दोष सुटला नव्हता, पण त्यांची श्रद्धा अढळ होती.

“निशिवाकी-सान, पोट अजून फिरतंय?”

“फिरतंय, साहेब.”

“टीव्ही बदलून पाहिलात?”

“तीन बदलले. तिन्हींवर एकाच बाजूला जातं.”

“शिस्तीचं पोट आहे,” साहेब म्हणाले.

खरं तर यंत्राची रीत साधी होती. टीव्हीतला किरण एकेक ओळ रंगवत खाली उतरतो आणि तळाला पोचला की वरच्या कोपऱ्याकडे परततो. परतताना तो काही रंगवत नाही. तेवढ्यात खेळाचं यंत्र आपल्या मेंदूला हाक मारतं: हातातलं ठेव, ये. सेकंदाला साठ वेळा. या हाकेला नाही म्हणायची सोय नसते.

चिझुरूला हे कुणी शिकवावं लागलं नव्हतं. तांदूळ मोजताना नात्सुनो रडली, की ‘तीन मापं झाली’ एवढं मनाच्या कोपऱ्यात ठेवून ती उठायची. लेकीला छातीशी धरायची, तिच्या मानेचा दुधाळ वास घ्यायची, ती निजली की परत येऊन चौथं माप टाकायची. तांदूळ कधी चुकला नव्हता. इथे फरक एवढाच, की किरण वर पोचायच्या आत नवं चित्र मांडून झालं पाहिजे. रंगवणं सुरू झाल्यावर मांडायला गेलं, तर पोट असं भलतीकडे जाणार.

तिने हाकेनंतरच्या कामांची यादी काढली. पहिलं, कंपनीतले सर्वांत जुने संगीतकार ओकुमुरा-सान यांचं संगीत. दुसरं, खेळणाऱ्याने कोणती बटणं दाबली ते वाचण्याचं, साहेबांनी स्वतः लिहिलेलं काम. सगळ्यात शेवटी तिचं चित्र. गोळा खाल्ला की तीन सूर एकदम वाजत. संगीत लांबे, आणि तिची पाळी येईतो किरण केव्हाच वर.

“साहेब, चित्र आधी घ्यायला हवं.”

कुसाकाबेंनी आधी दाराकडे पाहिलं, मग आवाज उतरवला. “ओकुमुरा-सानांच्या आधी?”

“हो.”

“अहो, आपण इथे ऑर्गन दुरुस्त करायचो तेव्हापासूनचे ते. यादी ज्येष्ठतेने लावलीय. मीच लावलीय.”

“यंत्राला ज्येष्ठता कळत नाही.”

“म्हणून तर आपण लावून द्यायची.”

शेवटी ठरलं, की ओकुमुरा-सानांना करूनच दाखवावं. बैठकीच्या खोलीतली टेबलं भिंतीला लावली. टीव्ही साहेब झाले, कारण टीव्हीचं पद दुसऱ्या कुणाला देणं बरं दिसलं नसतं. हातात झाडू धरून ते डावीकडून उजवीकडे, ओळीमागून ओळ चालू लागले. दाराबाहेर मानाप्रमाणे तिघं उभे: ओकुमुरा-सान, मग साहेबांच्या बटणांच्या कामाच्या जागी स्वागतकक्षातल्या मियासे-सान, शेवटी पुठ्ठ्याचं पोट घेतलेली चिझुरू. साहेब तळातून वरच्या कोपऱ्याकडे परततील तेवढ्यातच आत शिरून काम उरकायचं.

साहेब तळाला पोचले. “या.”

ओकुमुरा-सान आत आले, वाकले, खिशातून तोंडाने वाजवायचा बाजा काढला.

“तीनही सूर वाजवू?”

“गोळा खाल्लाय ना, वाजवा,” मियासे-सान म्हणाल्या.

ते वाजवेतो साहेब वर पोचून पुन्हा रंगवू लागले होते. चिझुरू धावत आत आली आणि पोट ठेवायला वाकली, तसा साहेबांचा पाय बरोबर पोटावर पडला.

“जरा थांबायचं होतंत,” ओकुमुरा-सान म्हणाले.

“टीव्ही कुणासाठी थांबत नाही,” साहेब धापा टाकत म्हणाले. पाचव्या फेरीला पोटाचा पापड झाला होता, साहेबांचा टाय पाठीवर गेला होता, आणि घड्याळात तीन वाजून गेले होते.

ओकुमुरा-सानांना सगळं कळलं होतं. म्हणूनच त्यांचा चेहरा पडला होता. “म्हणजे मी शेवटी उभं राहायचं,” ते बाज्याला म्हणाले.

चिझुरू त्यांच्यासमोर वाकली. “ओकुमुरा-सान, पाहुण्यांना लिफ्टने न्यायचं असलं तर आधी आत कोण शिरतं?”

“सगळ्यात धाकटा. ‘आधी जातो, माफ करा’ म्हणून शिरायचं आणि बटण दाबून दार धरायचं. हे काय विचारणं झालं?”

“मग माझं चित्र दार धरेल. तुम्ही सावकाश या. पडदा रंगत असतानाही संगीत वाजू शकतं. तुम्हाला त्या किरणाची घाई कशाला?”

त्यांनी बाज्यावरून अंगठा फिरवला.

“म्हणजे मला कुणी ‘आटपा’ म्हणणार नाही.”

“नाही.”

“तीनाचे चार सूर केले तरी?”

“आज नका करू,” खाली बसलेले साहेब म्हणाले.

चिझुरूने यादीतली ओळ वर नेली, शेजारी ‘आधी जाते, माफ करा’ अशी टीप लिहिली. नव्या चिपवर खेळ उतरवला. तानुकीने गोळा खाल्ला. पोट पोटाच्या जागी राहिलं. एकदा, वीसदा, चाळीसदा.

चारला पाच कमी असताना कारखान्याचा माणूस दारात आला. पाठवणीच्या कागदावर डावीकडच्या चौकोनात साहेबांचा शिक्का झाला, उजवीकडच्या चौकोनात चिझुरूचा. मधला चौकोन ओकुमुरा-सानांचा. ते हेडफोन लावून बसले होते.

“संगीत उशिरा येतंय,” ते म्हणाले.

“पापणी लवायच्या आतला उशीर आहे हो,” साहेब म्हणाले. “ऐकू येणं शक्य नाही.”

“मला येतं.”

कारखान्याच्या माणसाने घड्याळ पाहिलं. ओकुमुरा-सानांनी तानुकीला आणखी एक गोळा खाऊ घातला, तो संपेपर्यंत ऐकला, मग हेडफोन काढून शिक्का उचलला.

कागद पाकिटात जाताना तिने पाहिलं. धाकट्याने शिक्का वरिष्ठाच्या बाजूला किंचित कलता मारायचा, वाकून नमस्कार केल्यासारखा, ही तिथली रीत. तिचा शिक्का तसाच डावीकडे कललेला होता. ओकुमुरा-सानांचा उजवीकडे कललेला होता, तिच्याकडे.