धुरपदाबाईंच्या दंडावर

मी रक्तदाबमापक बोलतोय; घरात मला 'बीपीचं मशीन' म्हणतात. बऱ्हाणपुरातल्या शनवारा भागातल्या औषधाच्या दुकानातून ललितने मला शाहपुरपलीकडच्या आपल्या केळीच्या मळ्यात आणलं, आईसाठी. धुरपदाबाईंचं डोकं गरगरायचं, पाय सुन्न पडायचे.

पहिल्यांदा त्यांच्या दंडावर पट्टा आवळला आणि मी घाबरलो. दाबली की नमणारी धमनी मला ठाऊक होती. ही ताठ उभी राहिली. पडद्यावर एकशे ऐंशी उमटलं. गोळ्या सुरू झाल्या, पण आकडा हटेना.

"मशीनच बिघडेल दिसतं," म्हणत ललितने पट्टा स्वतःला बांधला. त्याचाही आकडा दीडशेच्या वर. तिशीतला, मळ्यात राबणारा माणूस. मशीन खराबच, असं ठरवून त्याने मला डब्यात घातलं. आता हे मला फेकून देणार, या भीतीने मी तिथे पडून राहिलो.

मला बाहेर काढलं त्याच्या गरोदर बायकोने, भूमिकाने. "मायलेकाचं दोघांचं वाढेल आहे. कुछ तो गडबड आहे. दवाखान्यात चला."

बऱ्हाणपुरात डॉक्टरीणबाईंनी धुरपदाबाईंचे तळहात उलटून पाहिले. त्यांवर बारीक, खरखरीत गाठी होत्या.

"पाणी कुठलं पिता?"

"घरच्या बोअरचं. एकदम निर्मळ आहे," धुरपदाबाई अभिमानाने म्हणाल्या.

पाणी तपासलं. त्यात आर्सेनिक निघालं. जमिनीतलंच विष, ना रंग ना वास; तळहातांवरच्या गाठीही त्याच्याच. वर्षानुवर्षं ते पोटात गेलं की रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर दुखावतं, त्यांना नीट सैल पडता येत नाही, रक्ताची वाट अरुंद होते आणि दाब चढतो, असं डॉक्टरीणबाईंनी समजावलं.

"सुनेला मी उकळून पाजत होती ना," धुरपदाबाई हळूच म्हणाल्या.

"उकळून ते जात नाही, आजी."

त्याच दिवशी ललितने स्वयंपाकघरात येणारा बोअरचा नळ बंद केला. आता प्यायला तपासलेल्या टाकीचं पाणी येतं. ललितचा आकडा थोडा उतरलाय. धुरपदाबाईंचा गोळ्यांनी जेमतेम आवरतो. कडक झालेल्या नसा पुन्हा मऊ होतील, असं वचन कुणी दिलेलं नाही.

रोज सकाळी त्या मला आधी सुनेच्या दंडावर बांधतात. पट्टा फुगतो, तोवर त्या पडद्यावरचा आकडा बघत राहतात. आज एकशे चोवीस दिसलं. धुरपदाबाईंनी श्वास सोडला.

"आणि बाळाचं?" त्यांनी विचारलं.

भूमिकाने पट्टा सोडून पोटावर हात ठेवला. गोळ्यांना न जुमानणारा दाब तुमच्या घरात असेल, तर पाणी एकदा तपासून घ्या, एवढंच माझं मागणं. मी दंडावरचं सांगू शकतो. पोटातल्या त्या जिवापर्यंत माझा पट्टा पोचत नाही.