नेम धरण्यापुरत्या मेंढ्या

आभाळात काही नसताना जो माणूस आठ-आठ तास डोळे लावून बसतो, त्याच्या पोटात काहीतरी काळंबेरं असणारच, असं नेस्टाचं ठाम मत होतं. आणि तिचं मत एकदा ठाम झालं की मग ती खुद्द बापाचंही ऐकायची नाही.

वेल्समधल्या तिच्या त्या खोऱ्यातून लष्कराची जेट विमानं इतकी खालून जात, की कड्यावर बसलेल्याला वैमानिकाचं हेल्मेट वरून दिसायचं. त्यांचे फोटो काढायला कुठून कुठून लोक येत, हातभर लांब लेन्स घेऊन. मेंढ्यांना विमानांची सवय झाली होती. डोक्यावरून गडगडत गेलं तरी चरणं थांबत नसे. नेस्टाला मात्र फोटोवाल्यांची सवय काही झाली नाही. फाटकं उघडी टाकून जातात मेले, नाव कशाला काढायचं!

त्यातही हा बर्मिंगहॅमचा ट्रान्टर. साठीचा, हडकुळा, डोक्यावर हिरवी कानटोपी. दर मंगळवारी आणि गुरुवारी हजर. नेमके तेच दोन दिवस नेस्टा गावच्या शाळेत स्वयंपाकाला जायची, आणि नेमक्या त्याच दोन दिवसांत तिच्या मेंढ्या कमी होत होत्या. कधी चार, कधी सहा. ऑगस्टात एकशे बेचाळीस होत्या. ऑक्टोबर अर्धा सरला तेव्हा एकशे तीन उरल्या होत्या. आता पाणी कुठे मुरतंय ते कळायला काय पंडित व्हावं लागतं?

गेल्या तर दुसऱ्या आणाव्यात, असं ज्याला वाटतं त्यानं मेंढ्यांच्या वाटेला जाऊ नये. त्या डोंगराला कुंपण नाही. आपली हद्द कुठे संपते हे म्हाताऱ्या मेंढ्यांना ठाऊक असतं आणि त्या ते कोकरांना शिकवतात. कळप आणि डोंगर यांच्या या नात्याला तिकडे कनेव्हिन म्हणतात. शिकवणाऱ्या गेल्या की संपलं. विकत आणलेल्या मेंढ्या चार दिवसांत शेजारच्या खोऱ्यात पांगतात. अजून वीस गेल्या असत्या तर नेस्टाचा डोंगर असून नसल्यासारखाच. पन्नाशीच्या त्या बाईचं जगात तेवढं एकच होतं. तीन वर्षांपूर्वी अबेरिस्टविथच्या एका बेकरीवाल्यानं दारात उभं राहून लग्नाचं विचारलं, तेव्हाही तिनं डोंगराकडे बोट दाखवून सांगितलं होतं, मेंढ्या आहेत तोवर शक्य नाही.

घरात दुसरं माणूस म्हणजे तिचे वडील, टुडर. ऐंशीला टेकलेले, गुडघ्यांनी दगा दिलेला, पण चार चाकांच्या मोटारबाईकवर बसले की अजून डोंगर पालथा घालणारे. रोज संध्याकाळी रश्श्याचा वाडगा पुढे आला की त्यांचा एकच प्रश्न असे, "आज किती?" नेस्टा आकडा सांगे. आकडा घटलेला असला की म्हातारा वाडग्यात बघत बसे. जिवाला लागलंय बिचाऱ्याच्या, असं तिला वाटे. पोलिसांत जाते म्हणाली, तर कशाला उगीच, असं ते पुटपुटले होते.

त्या गुरुवारी तिनं शाळेला दांडी मारली आणि दगडी बांधाआडून दुर्बिणीनं ट्रान्टरवर पाळत ठेवली. गडी कानात काहीतरी घालून ऐकत होता. वहीतल्या आकड्यांवरून बोट फिरवत होता. आणि मग त्यानं कॅमेरा उचलून थेट समोरच्या उतारावर रोखला. तिथे विमान नव्हतं. तिथे तिच्या मेंढ्या होत्या.

नेस्टाचं टाळकं सटकलं. तिनं ट्रॅक्टर आणून त्याच्या गाडीमागे आडवा लावला, गावच्या हवालदाराला, गोरोन्वीला फोन केला आणि धापा टाकत कड्यावर चढली. आधी वही मागितली. वहीत विमानांच्या शेपटीवरचे नंबर निघाले, कानातल्या यंत्रात वैमानिकांचं बोलणं. साप साप म्हणून भुई धोपटल्यासारखं झालं, पण ती इतक्यात हार मानणारी नव्हती. तिनं कॅमेरा मागितला.

त्यानं मुकाट्यानं दिला. पडद्यावर एक विमान, दुसरं विमान, मग मेंढ्या. मेंढ्या, मेंढ्या आणि मेंढ्या.

"हे काय?" तिनं विचारलं.

"नेम धरायला, बाई," ट्रान्टर ओशाळून म्हणाला. "विमान यायच्या आधी समोर काहीतरी स्थिर लागतं. तुमच्या मेंढ्या हलत नाहीत म्हणून बरं पडतं." मग म्हणाला, "या मंगळवारी तेवढ्या हलल्या."

त्यानं तिच्या हातातल्या कॅमेऱ्यावर तो फोटो शोधून मोठा करून दाखवला. तेवढ्यात खोऱ्यात कडाडलं आणि दिवसभरातलं एकुलतं एक विमान त्यांच्या पायांखालून गेलं. कॅमेरा नेस्टाच्या हातात होता. तो मागायचंही ट्रान्टरला सुचलं नाही, कारण तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

फोटोत सहा मेंढ्या एका ओळीत उतार उतरत होत्या. खालच्या रस्त्यावर कुणाचा तरी ट्रेलर उघडा उभा. मेंढ्यांच्या मागे कुणी नव्हतं. पुढे होती चार चाकांची बाईक, तिच्यावर खाद्याचं निळं पोतं, आणि पोत्याला टेकून मॉट, घरचा कुत्रा, आरामात बसलेला. चोराला मेंढ्या हाकाव्या लागतात, कुत्रं सोडावं लागतं. इथे कुणी कुणाला हाकत नव्हतं. ज्यानं चाळीस वर्षं या कळपाला बर्फात खाऊ घातलं, त्याच्यामागे त्या आपणहून चालल्या होत्या.

"ओळखीचं आहे का कुणी?" ट्रान्टरनं हळूच विचारलं.

तिनं कॅमेरा परत केला. गोरोन्वी हाशहुश करत वर पोचला तेव्हा ट्रान्टर कॅमेरा छातीशी धरून उभा होता. फोटोबद्दल सांगायचं की नाही, ते त्यानं नेस्टावर सोडलं होतं.

"तक्रार नाही माझी," नेस्टा म्हणाली. "मोजण्यात चूक झाली."

"एकोणचाळीस मेंढ्यांची चूक? तुझी?"

"कड्यामागे होत्या."

गोरोन्वी पोट धरून हसला. "म्हणजे काखेत कळसा नि गावाला वळसा म्हण की! नेस्टाबाई, वयाचा परिणाम हो." संध्याकाळपर्यंत ही गोष्ट दारूच्या गुत्त्यात पोचणार आणि पुढची दहा वर्षं तिथेच मुक्कामाला राहणार, हे तिला कळत होतं. मेंढ्या मोजता न येणं ही त्या डोंगरात मरणाची शरम. ती तिनं गिळली. खाली येऊन ट्रॅक्टर बाजूला घेतला आणि ट्रान्टरची माफी मागितली. एवढी मनापासून तिनं उभ्या जन्मात कुणाची मागितली नव्हती. तो फोटो पुसून टाकतो, एवढंच तो म्हणाला.

संध्याकाळी तिनं रश्श्याचा वाडगा वडिलांपुढे ठेवला.

"आज किती?"

"एकशे बेचाळीस," नेस्टा म्हणाली. "सगळ्या."

टुडरनी चमचा खाली ठेवला. मग म्हणाले, "त्या बेकरीवाल्याला तू सांगितलंस ते मी जिन्यात उभं राहून ऐकलं होतं. मेंढ्या आहेत तोवर शक्य नाही म्हणालीस. म्हटलं, मी डोळे मिटायच्या आत तुझ्या पायातली बेडी काढावी. एकदम विकल्या असत्या तर तू जाऊ दिल्या नसत्यास."

नेस्टाला ओरडावंसं वाटत होतं. तोंडातून आवाज मात्र बारीकच निघाला.

"बाबा, तो मला आवडला नव्हता हो. तोंडावर कसं सांगायचं, म्हणून मेंढ्यांचं नाव पुढे केलं."

म्हाताऱ्याचा चेहरा कसनुसा झाला. दाराशी मॉटनं कूस बदलली. त्यांनी चमचा उचलला, पुन्हा ठेवला, आणि पोरीकडे वर न बघता विचारलं, "खरंच किती उरल्या?"

"एकशे तीन," ती म्हणाली.