गच्चीवरचं शीर्षासन

भवानीबाईंना धाकट्या जावेचा राग यायला कारण लागत नसे. सौम्याने केलेलं रसम पाणचट, तिची कॉफी कडू, आणि तिने तोंड मिटून ऐकून घेतलं तर ती आतल्या गाठीची. अड्यारच्या त्या घरात खालचा मजला भवानीबाईंचा, वरचा सौम्या आणि तिचा नवरा श्रीवत्स यांचा. तंजावरहून आलेलं मराठी घराणं, थोरल्या सुनेचा शब्द खाली पडू द्यायचा नाही ही तिथली रीत. सौम्या लग्न होऊन आली तेव्हापासून "बरं, अक्का" एवढंच म्हणत आली होती. ऊठ म्हटलं की उठायची, ठेव म्हटलं की हातातलं ठेवायची.

अशा सौम्याने गच्चीवर योगाचा वर्ग काढला, तेव्हा भवानीबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. योग ही त्यांची मिरास. केस काळेभोर होते तेव्हापासून त्या खालच्या हॉलमध्ये शिकवत होत्या, अर्ध्या अड्यारच्या पाठी त्यांनी सरळ केल्या होत्या. आणि ही काल कोर्स करून आलेली बया गच्चीवर चटया अंथरते? तेही त्यांनी एक वेळ गिळलं असतं. पण त्यांची एकुलती एक अनन्या वर शिकायला जाऊ लागली, तिथे घास घशात अडकला. नवरा गेल्यापासून बाईचं जगात दुसरं होतं काय? ही एवढी पोर, आणि तीही जिना चढून जावेकडे चालली होती.

अनन्याचं म्हणणं साधं होतं. रविवारी विद्यापीठाच्या योगसंघाची निवड, तिथे पार्श्व शीर्षासन करून दाखवायचं. म्हणजे डोक्यावर उभं राहायचं आणि त्याच अवस्थेत कमरेतून पीळ घ्यायचा. आई ते शिकवत नव्हती. अजून तयार नाहीस, हे एकच पालुपद. तयार कधी होणार म्हणून विचारलं तरी तेच. आता खोटं कशाला बोला, भवानीबाईंना तिला तयार करायचंच नव्हतं. संघात गेली की गावोगाव फिरेल, आणि फिरायला लागलेली पोर परत येते थोडीच.

शुक्रवारी सकाळी भवानीबाई चपला काढून, पाय न वाजवता गच्चीचा जिना चढल्या. चूक पकडायला चालल्या होत्या त्या, दुसरं काही नाही. काहीतरी वाकडं सापडू दे रे देवा, असं मनात म्हणतच त्या दारात उभ्या राहिल्या.

गच्चीवर दोघीच होत्या. अनन्या शीर्षासनात उभी होती आणि डोक्याखाली हातरुमाल घातलेला होता. सौम्याने त्याचं टोक धरून ओढलं. रुमाल अलगद निघून आला. म्हणजे भार मानेवर नव्हता, जिथे असायला हवा तिथे, कोपरांपासून मनगटांपर्यंतच्या हातांवर होता. खांदे कानांपासून लांब उचललेले. मग पोर कमरेतून वळू लागली. घाई नाही, हिसका नाही, श्वास संथ, डोकं जागचं हललं नाही. उजवीकडचा पीळ झाला, मध्ये येऊन ती थांबली.

शाबास म्हणावं असं आसन होतं. आपण इतकं नीट कधी शिकवलं नाही, हे भवानीबाईंना कळलं, आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

डावीकडे वळताना अनन्या जरा डगमगली. सौम्याने लगेच पुढे होऊन दोन्ही तळवे तिच्या कमरेला लावले. पोरीने निर्धास्तपणे त्या हातांवर भार टाकला आणि पीळ पुरा घेतला. आधाराशिवाय जो उभा राहत नाही त्याने शीर्षासनात जाऊच नये, असा भवानीबाईंचा नियम. पण त्या क्षणी कसला नियम नि कसलं काय! आपली पोर त्या बाईच्या हातांत अशी सुखाने विसावलेली त्यांना बघवली नाही.

"सौम्या, हात काढ."

चुलीवरचं भांडं उतरव म्हणावं, तसा तो स्वर. आणि सौम्याने हात काढले. विचार नाही, प्रश्न नाही. इतक्या वर्षांची सवय, बाईच्या डोक्याआधी तिच्या हातांनी ऐकलं.

अनन्या पिळातच कोसळली. मान एकीकडे, धड दुसरीकडे, आणि खांदा आधी आपटला.

पडलेल्याची मान हलवू नये, हे भवानीबाई आजवर प्रत्येकाला शिकवत आल्या होत्या. तरी त्या पोरीला उचलायलाच धावल्या. सौम्या मध्ये आडवी आली. "शिवू नका तिला," ती म्हणाली. अनन्याचं डोकं तिने दोन्ही बाजूंनी धरून ठेवलं आणि श्रीवत्सला हाक मारून अ‍ॅम्ब्युलन्स बोलवायला सांगितली.

हाड शाबूत होतं, नशीब. मानेचे स्नायू दुखावले होते, खांदा निखळला होता. गळ्याला पट्टा आला. निवड तर बुडालीच, पण पुन्हा कधी डोक्यावर उभं राहता येईल हे डॉक्टरीणबाई आज सांगू शकत नव्हत्या. कशी पडली, असं त्यांनी विचारताच भवानीबाई पुढे झाल्या. हिने हात सोडला, म्हणाल्या. ते खोटं नव्हतं, म्हणून तर बेधडक म्हणाल्या. सौम्या खाली मान घालून उभी राहिली.

डॉक्टरीणबाई बाहेर गेल्यावर अनन्या बोलली. पट्ट्यामुळे तिला आईकडे वळून बघता येत नव्हतं, ती छताकडे बघत होती.

"मी पिळात आहे, हे तुला दिसत होतं, आई. तरी सांगितलंस."

भवानीबाईंना बोलायचं होतं. तू पडावीस असं नव्हतं गं मला वाटत, तिच्या हातून चुकावं एवढंच वाटत होतं. पण असलं सांगायचं कुठल्या तोंडाने? त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि पाणी हवंय का म्हणून विचारलं. पाणी सौम्याने आधीच दिलं होतं.

घरी आणलं तेव्हा भवानीबाई पुढे गेल्या आणि खालच्या खोलीत पलंग झाडून चादर घातली. बाहेर आल्या तर अनन्या जिन्यावर होती. एका हाताने कठडा धरलेला, पाठीला सौम्याचा हात. एकेक पायरी थांबून थांबून दोघी चढत होत्या.

"सौम्या, तिला खाली आण," भवानीबाई म्हणाल्या.

सौम्या थांबली नाही. दोघी वर पोचल्या, आणि दार लागलं.